भोंगा वेळेवर वाजला

सुपडू आप्पांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा घरात डोळ्याची काळजी कुणालाच नव्हती. मोतीबिंदू पिकलेला होता, शहाद्याला लेक मयूरीचं घर होतं आणि घराच्या जवळच डॉक्टर होते. काळजी होती ती भोंग्याची.

“मी तठे डोयावर पट्टी बांधीसन पडी ऱ्हासू,” आप्पा ओट्यावर बसून म्हणाले, “मंग आठे भोंगा कोन वाजाडी?”

“मी वाजाडसू,” बायको तापीबाई चुलीजवळून म्हणाल्या.

“तू? भाकर तव्यावर टाकीसन तू भोंगा वाजाडाले येशी?”

“तुम्ही येतस का कव्हय चा टाकीसन?”

यावर आप्पांनी खांद्यावरच्या पंच्याने चेहरा पुसला आणि रस्त्याकडे पाहिलं. रस्त्यावर पाहण्यासारखं काही नव्हतं, आणि असतं तरी त्यांना दिसलं नसतं.

कोरीटच्या पुढे तापीकाठच्या त्या लहानशा गावात भोंगा आला तो पुराची सूचना द्यायला. पूर काही दरवर्षी येत नाही, त्यामुळे भोंगा पंचायतीच्या छपरावर नुसताच बसून असे. त्या काळी कापूस वेचणीच्या दिवसांत वेचणाऱ्या बायका आणि शेतकरी यांच्यात रोज संध्याकाळी तंटा व्हायचा. शेतकऱ्याच्या मनगटावरचं घड्याळ सकाळी फार पुढे असायचं आणि संध्याकाळी फार मागे. शेवटी मारुतीच्या पारावर बसून ठरलं की दिवस भोंग्याने सुरू होईल आणि भोंग्याने संपेल. भोंगा वाजला की बोंडाला हात लावायचा नाही, मग ओटीत असो की झाडावर. त्याचं बटण सुपडू आप्पांच्या ओट्यावर आलं, कारण आप्पांच्या शेतात केळी होती, कापूस नव्हता. कुणाच्या बाजूने खोटं बोलावं असं त्यांना काही कारण नव्हतं.

आणि आप्पा खोटं कधी बोलले नाहीत. फक्त चुकले. सकाळचा भोंगा पूजा, चहा आणि दुसरा चहा झाल्यावर वाजायचा. दुपारचा लवकर वाजायचा, कारण आप्पांना भूक लवकर लागायची. संध्याकाळचा ओट्यावरच्या गप्पा संपल्यावर, म्हणजे चांगलाच उशिरा. पण ते कुणाच्या बाजूने चुकत नसत, म्हणून गावाने त्यांना कधी टोकलं नाही. उलट प्रत्येकाने आपापली सोय लावून घेतली. पाणी सोडणारा जालमसिंग सकाळच्या भोंग्यावर नळाचा व्हॉल्व्ह फिरवायचा, आणि बायका आप्पांचा दुसरा चहा धरून हंडे घासायला घ्यायच्या. दुपारचा भोंगा लवकर, म्हणून सकाळची न्याहारी सगळे बेतानेच करायचे. संध्याकाळी बायकांची पुढारी गजराबाई निंबाची सावली बांधाला टेकली की वेचणी थांबवायची, कापूस बांधून, मोजून द्यायची, आणि मग सगळ्याजणी पाय पसरून भोंग्याची वाट पाहत बसायच्या. आता प्रत्येकाच्या कनवटीला मोबाईल आहे. पण मोबाईलकडे पाहून त्या गावात अजूनही कुणी ओटी सोडत नाही.

“आप्पा, मी करू का काहीतरी?” सून मोहिनी दारात येऊन म्हणाली.

मोहिनी पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करायची. काम कॉम्प्युटर चालवणाऱ्या अगदी आतल्या प्रोग्रॅमचं होतं, ज्याला कर्नेल म्हणतात त्याचं. तापीबाईंनी एकदा नीट विचारून घेतलं होतं, तेव्हा तिने सांगितलं होतं की प्रत्येक मशीनमध्ये एक लहानशी घंटा असते, ती सतत ठोके देते, आणि त्या ठोक्यांवर कर्नेलचा सगळा संसार चालतो. घंटेचा ठोका कोणत्या तारेने येणार हे मशीन बनवणाऱ्याने आत लिहून ठेवलेलं असतं. त्याला फर्मवेअर म्हणतात. कर्नेल उठल्याबरोबर ते वाचतो आणि त्या तारेशी कान लावून बसतो.

“आनि लिखनारानी चुकीनं लिखेल व्हई तर?” तापीबाईंनी तेव्हाच विचारलं होतं.

“तर तो बसूनच राहतो, माय. ठोका येत नाही आणि तो पुढे सरकत नाही. तेच तर माझं काम.”

अशीच एक लबाड मशीन कंपनीने तिला पाठवली होती. ती माजघरात तांदळाच्या कोठीवर ठेवलेली होती. मोहिनीने कर्नेलला शिकवलं होतं की सांगितलेल्या तारेवर ठोका आला नाही तर दुसरी तार धरून पाहायची. ठोका आला, मशीन चालू लागली, पडद्यावर घड्याळ दिसू लागलं. आता काही दिवस ती न बिघडता चालली तर मोहिनीचं काम पुण्यात मंजूर होणार होतं.

“ती मशीन बटणाला जोडते. तिन्ही वेळेला आपोआप भोंगा वाजेल.”

आप्पांनी तोंड माजघराकडे वळवलं. मग म्हणाले, “चांगला वाजाडी का?”

“अगदी बरोबर.”

“मंग मी उनावर?”

“तुम्ही आलात की काढून टाकते, आप्पा. तुम्ही येईपर्यंतच.”

आप्पांनी मान हलवली. मुलगा अमृत त्यांना मोटारसायकलवर बसवून निघाला तेव्हा त्यांनी बटणावरून एकदा हात फिरवला, गोठ्यातल्या बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. वेशीपर्यंत ते मागे वळून पाहत होते. भोंगा हातून गेला तर ओट्यावर बसलेला म्हातारा आणि ओट्यावर ठेवलेलं पोतं यांत फरक काय, हा प्रश्न त्यांनी बोलून दाखवला नाही. पण तापीबाईंनी तो ऐकला.

पहिल्या दिवशी सकाळी मोहिनीने मोबाईल पाहून मशीनचं घड्याळ लावलं, सकाळचा भोंगा स्वतः वाजवला आणि पुण्याच्या मीटिंगला बसली.

दुपारचा भोंगा नेहमीपेक्षाही लवकर वाजला. गावाला काहीच वाटलं नाही. आप्पा गेले तरी भूक मागे ठेवून गेले, असं म्हणून लोक हसले. पण मग ऊन ऐन डोक्यावर आलेलं असताना भोंगा पुन्हा वाजला.

चुनीलालच्या शेतात गजराबाईने मान वर केली. सूर्याकडे पाहिलं. भोंग्याकडे पाहिलं. मग ओटीची गाठ सोडली.

“चाला व बायासहोन. दिन गया.”

“कोठे चालन्या?” चुनीलाल धावत आला. “अजून भाकर जिरनी नही तुमनी!”

“भोंगा वाजना, चुनीलालभाऊ.”

“अव, सूर्य देख ना वर!”

“सूर्यावर कव्हय ठरेल व्हतं? भोंगावर ठरेल शे. तुमनाच बाप बठेल व्हता पारवर.”

बायका रांगेने घरी निघाल्या, हसत, गात. पूर्ण दिवसाची मजुरी त्यांनी मागितली आणि चुनीलालला ती द्यावी लागली, कारण त्याचा बाप खरोखरच पारावर बसला होता. जालमसिंगने संध्याकाळचा भोंगा समजून भर दुपारी गुरांच्या हौदाला पाणी सोडलं. गुरं रानात होती. हौद भरून वाहिला आणि शाळेच्या मैदानावर तळं झालं.

मोहिनी मीटिंग सोडून धावत माजघरात आली. मशीनच्या पडद्यावर संध्याकाळ झाली होती. ती कोठीसमोर बसली आणि बराच वेळ आकडे पाहत राहिली. मग तिने कपाळावर हात मारला.

“काय व्हयनं?” तापीबाईंनी विचारलं.

“ठोका येतो का, एवढंच मी तपासलं, माय. किती येतात ते तपासलंच नाही. या मशीनमध्ये एकच ठोका दोन तारांनी येतो. एकीने आला की कर्नेल मोजतो, दुसरीने आला की परत मोजतो. दिवस दुप्पट वेगाने पळतो.”

“म्हनजे,” तापीबाई परातीतलं पीठ मळता मळता म्हणाल्या, “पाव्हना एकच. पुढला दारनी उना, तव्हय ताट वाढं. मंग मांगला दारनी उना, तव्हय बी वाढं.”

“तसंच.”

“मंग मांगलं दार लाई ले ना.”

मोहिनीने मागचं दार लावलं. म्हणजे कर्नेलला शिकवलं की फर्मवेअरमध्ये काय लिहिलंय ते पाहा, पण त्यावर विसंबू नको. ठोके स्वतः मोज, दुसऱ्या एका घड्याळाशी ताडून बघ, आणि जादा तार बंद कर. पुण्याच्या साहेबांना फोनवर ते फार आवडलं. “बरोबर आहे,” ते म्हणाले. “यंत्र काय सांगतं ते ऐकून घ्यायचं, मानायचं नाही.”

दुसऱ्या दिवसापासून भोंगा अगदी बरोबर वाजू लागला आणि गावाची खरी दैना सुरू झाली.

सकाळी भोंगा वाजला, जालमसिंगने व्हॉल्व्ह फिरवला. बायका आप्पांचा दुसरा चहा धरून अजून हंडे घासत होत्या. त्या नळावर पोचल्या तेव्हा नळ शेवटचं खाकरत होता. दुपारी भोंगा खऱ्या दुपारी वाजला. इतक्या वर्षांत गावाच्या पोटाला खरी दुपार माहीत नव्हती. चुनीलालने बांधावर बसून भोंग्याकडे हात जोडले. आणि संध्याकाळी, सावली बांधाला टेकते न टेकते तोच भोंगा झाला. कापूस बांधायचा होता, मोजायचा होता. पण भोंगा वाजला की हात लावायचा नाही. बायकांनी ओट्या जिथे होत्या तिथे सोडल्या. चुनीलालच्या शेतात पांढरे ढीगच ढीग झाले, आणि सकाळी पाहतो तर प्रत्येक ढिगावर गावातलं एकेक कुत्रं सुखाने झोपलेलं.

दोन दिवस हे असं चाललं. तिसऱ्या दिवशी गाव ओट्यावर आलं.

“सूनबाई, हाई मशीन बिघडेल शे,” चुनीलाल म्हणाला.

“बिघडलेली नाही, काका. हे पाहा.” मोहिनीने मोबाईल आणि मशीन शेजारी शेजारी धरले. आकडे तंतोतंत जुळत होते.

गजराबाईने दोन्ही निरखून पाहिलं. “मोबाईल बरोबर शे,” तिने कबूल केलं. “मशीन बी बरोबर शे. पन आख्खं गाव चुकी ऱ्हायनं ना, वहिनी!”

“मग गावाने वेळ बदलावी.”

“तीनशे उंबरा बदलापेक्षा एक मशीन बदल ना माय. आप्पा वाजाडेत तसं वाजाड.”

मोहिनीला आपलं काम आठवलं. कर्नेलमध्येसुद्धा खोटं सांगणाऱ्या मशीनची एक यादी असते. कोणती मशीन कोणत्या बाबतीत चुकीचं सांगते आणि मग काय करायचं, ते त्यात लिहिलेलं असतं. मशीन विकली गेलेली असते, तिला कोण सुधारणार? तिच्या चुकीशी जुळवून घ्यायचं असतं. तिने लॅपटॉप मांडीवर घेतला.

“माय, सांगा बरं. सकाळी आप्पा किती उशीर करतात?”

“ते दूधवर शे,” तापीबाई म्हणाल्या. “दूध उतू गयं तर चा उशिरा.”

“आणि संध्याकाळी?”

“ओटावर कोन बठेल शे त्यावर. जालमसिंग बठना तर लवकर. हाऊ चुनीलाल बठना तर मंग देवलेच माहीत.”

“मी?” चुनीलाल म्हणाला.

“तूच. आनि बाजारना दिन सोडी दे. त्या दिनले त्यासनी भजा खायेल ऱ्हातस, दुपारले भूकच लागत नही.”

मोहिनी लिहीत गेली. गावातला प्रत्येकजण आप्पांच्या एकेका चुकीची खूण सांगत गेला, आणि ऐकता ऐकता सगळे इतके हसले की तक्रार करायला आलेले लोक चहा पिऊन गेले. दुसऱ्या दिवसापासून मशीन आप्पांसारखी चुकू लागली. नळावर हंडे भरले, पोटं निवली, चुनीलालचा कापूस मोजून घरात आला. कुत्री परत धुळीत झोपू लागली.

इथेच थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण चुनीलालला आनंद झाला की फोन करायची सवय होती.

“आप्पा, तुम्ही तठे निवांत ऱ्हावा,” तो शहाद्याला फोनवर ओरडून म्हणाला. “मशीन बिलकुल तुमनासारखीच वाजस! तुम्ही गावमा नही शेतस, हाई कोनले समजनं बी नही!”

आप्पा त्याच्या दुसऱ्याच दिवशी परत आले. डोळ्यांवर हिरवा चष्मा होता आणि काखेत कागदात गुंडाळलेलं मोठं भिंतीवरचं घड्याळ. मयूरीने दुकानातून आणून दिलेलं नव्हतं. आप्पांनी स्वतः काटे पाहून, चार घड्याळं नाकारून निवडलं होतं. आप्पा दारात दिसताच मोहिनीने मशीनच्या तारा सोडल्या. शब्द दिला होता तो पाळला. आप्पांनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी खिळा ठोकला, घड्याळ टांगलं आणि बटणासमोर खाट ओढली.

“मशीन मन्हासारखी वाजाडस म्हने,” ते तापीबाईंना म्हणाले. “म्हनजे मन्हासारखं कोनी बी वाजाडी. आते देख. डोया नवा शे. घड्याय नवं शे. एक मिनिट आठे नही का तठे नही.”

आणि तसंच केलं. पूजा चहाच्या आधी उरकली. दुसरा चहा बंद. दुपारी पोटाला दोन्ही हातांनी धरून ते काट्याकडे पाहत बसले. संध्याकाळी चुनीलाल बोलता बोलता ऐन रंगात आला असताना त्याचं वाक्य मधोमध तोडून बटण दाबलं.

नळ पुन्हा खाकरले. कुत्री पुन्हा कापसावर गेली.

गजराबाई तावातावाने आली. ओट्याच्या पायरीवर पाय ठेवून तिने तोंड उघडलं.

“ये, गजरा, ये,” आप्पा उठून म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. “आठे उभी ऱ्हाय. तो लांब काटा देख. आनि हाऊ आखूड. माले आते दोन्ही न्यारा न्यारा दिखतस! पहिले दोन्ही सारखाच दिखेत. आनि तुन्हा लुगडाले काठ शे, हाई बी माले आजच समजनं. बरोबर वाजना ना भोंगा?”

गजराबाईने काटे पाहिले. आप्पांकडे पाहिलं.

“बरोबर वाजना, आप्पा,” ती म्हणाली. आणि घराला वळसा घालून परसदारी गेली.

“जिजी, काही तरी करा,” ती तापीबाईंच्या कानाशी म्हणाली. “उद्या पंचायतमा ठरी ऱ्हायनं. बटन काढीसन मशीनले देवानं. माले बोलाले जीभ उठनी नही.”

तापीबाईंनी हातातली भाजी तशीच खाली ठेवली. “उद्या मंग थांबाले सांग त्यासले,” त्या म्हणाल्या. “एक दिन.”

दुसऱ्या दिवशी आप्पा न्हाणीत गेले तशा तापीबाई स्टुलावर चढल्या आणि घड्याळाचा मोठा काटा बोटाने मागे ढकलला. सकाळचा भोंगा दोन चहांइतका उशिरा झाला. हंडे भरले. आप्पा पेपर वाचायला बसले, कारण आता पेपरही दिसत होता, तेव्हा त्या पुन्हा चढल्या आणि काटा पुढे केला. आप्पांना त्या दिवशी पोट धरून बसावं लागलं नाही. दुपारी ते जरा आडवे झाले आणि काटा पुन्हा मागे घ्यायला तापीबाई तिसऱ्यांदा स्टुलावर चढल्या. मोहिनी लॅपटॉप घेऊन माजघरातून येत होती. ती दारातच थांबली.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

“तुन्हा कर्नेलले सांगू नको,” तापीबाई म्हणाल्या आणि उतरल्या.

संध्याकाळी पंचायतीचे लोक ओट्यावर येऊन बसले होते, पण भोंग्याबद्दल कुणी काही बोलत नव्हतं. कपाशीचा भाव, तापीचं पाणी, कुणाच्या तरी म्हशीचा पाय. आप्पा बटणावर बोट ठेवून काट्याकडे पाहत होते. मध्येच त्यांनी बाहेर पाहिलं. नव्या डोळ्याला आता सगळंच दिसत होतं. सावलीही दिसत होती.

“मोहिनी,” त्यांनी हाक मारली. आल्यापासून पहिल्यांदाच. “सावली तर चांगली लांब व्हयनी. तू तं घड्यायन्या चुका पकडस ना? तुन्हा मशीनमा कितला वाज्यात, देख बरं.”

चुनीलाल आपल्या चपलेकडे पाहू लागला. तापीबाई दारात उभ्या होत्या, हातात चहाची कपबशी.

मोहिनीने लॅपटॉप उघडला. कोपऱ्यात आकडे होते, दोन दोन घड्याळांशी ताडून घेतलेले, ठोक्याठोक्याला तपासलेले. तिने आप्पांना दिसू नये म्हणून त्यांवर अंगठा ठेवला.

“पाचच वाजलेत, आप्पा,” ती म्हणाली. “तुमच्या घड्याळाप्रमाणे बरोबर.”

“देखं?” आप्पा सगळ्यांकडे वळून म्हणाले, आणि बटण दाबलं.

लांब शेतात निंबाखाली बसलेल्या बायका कापूस मोजून मोकळ्या झाल्या होत्या. भोंगा ऐकून त्या उठल्या, लुगडी झटकली आणि वेळेवर घरी निघाल्या.